जाळीच्या नक्षीचा पतंग

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरी वाटाणे सोलत बसले होते. फोन ठेवला, उरलेले वाटाणे सोलून टाकले आणि मगच रडले. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण भाऊला वाटलं नसतं. हातातलं काम अर्धवट टाकलेलं त्याला कधी खपायचं नाही. आता दोन महिने होतील त्याला जाऊन.

पाचोऱ्यात त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. शेतातल्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायच्या, हा धंदा. पण संक्रांत जवळ आली की दुकानात मोटारींपेक्षा पोरंच जास्त. कुणी वर्तमानपत्र आणी, कुणी साडीच्या खोक्यातला कागद, कुणी केळीच्या घडाला घालतात ती पातळ पिशवी. भाऊ खराट्याच्या काड्या वाकवून बघे, पतंग एका अंगाला झुकत असेल तर दुसऱ्या अंगाला चिंधी बांधून देई. मात्र त्याआधी प्रत्येकाला एकच प्रश्न असे, "घरमा इचारं का रे?" पोरं माना डोलवत. मी तिथे असले तर माझी मान खाली जाई.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, भाऊ नऊ वर्षांचा. वडील शाळामास्तर, त्यांना आम्ही नाना म्हणायचो. भाऊला उडणाऱ्या वस्तूंचं वेड. नानांच्या रुमालाला चार दोरे आणि एक दगड बांधून त्याने पॅराशूट केलं आणि घराच्या धाब्यावरून सोडलं, ते शेजारच्या म्हशीच्या पाठीवर उतरलं. म्हशीची काही तक्रार नव्हती, नानांची होती. पतंग मात्र त्याला साधत नव्हता. वर्तमानपत्र जड, कणकेची खळ त्याहून जड. दोन हात वर जाई आणि नाक घासत खाली येई. "पातळ कागद पाहिजे," असं तो दिवसभर घोकत राही. मी तेव्हा आठ वर्षांची, आणि भाऊसाठी काहीही करायला तयार...

पेटीत आई-नानांच्या लग्नाचा अल्बम होता. काळी जाड पानं आणि प्रत्येक दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला बटर पेपर. फोटोंना मी हात लावला नाही, एवढी अक्कल होती. नुसते कागद अलगद फाडून घेतले आणि भाऊला सांगितलं, शाळेतल्या बाईंनी दिले. त्याने ते जोडून पतंग केला. आईच्या शिवणाच्या डब्यातली रिळं संपली तरी पतंग वरच जात होता. ऊन लागलं की त्यातली जाळी दिसायची. भाऊने दोरा माझ्या हातात दिला होता, हे मला अजून आठवतं.

पावसाळ्यात पेटीला ओल धरली. पितृपक्षात आईच्या फोटोला हार घालायचा म्हणून नानांनी अल्बम काढला, तर समोरासमोरचे फोटो एकमेकांना चिकटलेले. सोडवता सोडवता आईचा चेहराच उचकटून समोरच्या फोटोवर गेला. जवळून काढलेला तिचा तेवढाच एक फोटो होता. नाना ओरडले नाहीत. खूप हळू आवाजात त्यांनी विचारलं, "ह्या कागद कोनी फाडात?"

पतंग खुंटीला टांगलेला होता. भाऊने त्याच्याकडे पाहिलं, मग एकदा माझ्याकडे. त्याला तेव्हाच सगळं कळलं.

"मी फाडात, नाना."

नानांनी पतंग चुलीत घातला आणि महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मी दाराआड उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं मला, ते काही बोलले नाही.

मग ते राहूनच गेलं. नानाही गेले. लग्नकार्यात पंगतीला कुणीतरी हटकून म्हणे, "यानेच आईचा फोटो पतंगात उडवला!" सगळे हसत, भाऊसुद्धा. मी पाणी वाढायचं निमित्त काढून उठे. गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी धीर केला. म्हटलं, "भाऊ, तो अल्बम..."

"चहा पी, शकू, थंडा हुई ऱ्हायना," एवढं म्हणून तो उठून दुकानात गेला. मला रागच आला त्याचा. साठीला टेकलेल्या बहिणीला एवढं बोलू द्यायला काय हरकत होती? तीच आमची शेवटची भेट.

गेल्या आठवड्यात पाचोऱ्याला गेले. वहिनी कपाट आवरत होती, तिच्याकडे अल्बम मागितला. तिने पदराने पुसून दिला. उघडला, तर प्रत्येक दोन पानांमध्ये नवा बटर पेपर, मापात कापलेला, कडेने नीट चिकटवलेला. तशीच जाळीची नक्षी, कुठून शोधून आणली होती कोण जाणे. आईचा चेहरा गेला होता ते पानही त्याने तसंच जपून झाकलं होतं.

"वहिनी," मी म्हटलं, "त्या कागद मी फाडात." पन्नासेक वर्षांनी तोंडातून निघालं, आणि ऐकायला भाऊ नव्हता.

वहिनीला नवल वाटलं नाही. "माले माहीत शे, ताई," ती म्हणाली. मग तिने अल्बमचं शेवटचं पान उलटलं. तिथे एक कागद सुटाच ठेवलेला होता, कुठेही न चिकटवलेला. तो तिने माझ्या हातात दिला.

"हाऊ जास्तीना शे. ते म्हनेत, ऱ्हाऊ दे, शकूले लागी."