मरणासाठी जपलेलं लुगडं

मंडळी, आज टाके घालायचे सोडून पोस्ट टाकतेय.

मी जुन्या साड्यांच्या बाहुल्या करते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. कवठे येमाईच्या एका सूनबाईंनी सासूबाईंचं हिरवं इरकली लुगडं दिलं. "आठवण म्हणून बाहुली करा." मी मनोमन सासूबाईंना सद्गती दिली आणि कात्री चालवली.

आज दुपारी सूनबाई बाहुली न्यायला आल्या. मागोमाग सासूबाई! चांगल्या धडधाकट.

बाहुली बघताच त्यांनी ती हातात घेतली. "आगं, माझ्या भावानं दिल्यालं लुगडं हाय हे! मेल्यावर नेसवायला ठिवलं व्हतं मी!"

सूनबाई पांढऱ्याफटक. "आत्या, मला वाटलं, नुसतंच पडून हाय..."

"नवीन आणून देते," मी म्हटलं.

"माहेरचं लागतं, बाई. भाऊ न्हाई राह्यला आता."

मग त्यांनी बाहुलीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि ती पदराखाली घेतली. "तवा हीच ठिव माझ्या कुशीत," सुनेला म्हणाल्या, "पर घाई करू नगंस."

माझ्या हातची एक बाहुली सरणासाठी राखून ठेवलीय. ती जितकी जुनी होईल तितकं बरं, नाही का हो?