कावळ्याला कबूल केलेला मास्तर

माझी बायको आमदार झाली त्या दिवशी लोकांनी तिला हार घातले आन मला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली, आता तोंड सांभाळायचं. सांगणारे वाईट नव्हते. मला सगळे ओळखून होते. मी नाशिकरोड ते एकलहरे रिक्षा चालवायचो. थर्मलचे, म्हणजे तिथल्या वीज केंद्राचे कामगार माझ्या रिक्षात दाटीवाटीनं बसायचे ते भाडं कमी म्हणून नाय, रस्ताभर माझी बडबड फुकट मिळायची म्हणून. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो. म्हणजे नाव तिसरीत होतं, मी नदीवर असायचो.

बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. गाव तिला बाई म्हणतं, म्हणून घरात मी पण बाईच म्हणतो. तिकीट तिला मिळालं ते तरी कसं, तर दोन मोठे पुढारी एका तिकिटावरून इतके भांडले की पक्षानं वैतागून तिसऱ्यालाच देऊन टाकलं. तिनं नोकरीचा राजीनामा दिला आन काळजीनं माझं जेवण बंद झालं. पडली तर शाळा गेली, आन घरात राहिली माझी रिक्षा, तिचा पण गिअर अडकायचा.

बरं, भाषण तरी जोरात करावं. तर ही प्रत्येक सभेत एकच सांगायची, "जे जमेल ते करीन. जे जमणार नाही ते तोंडावर सांगीन." कार्यकर्ते कपाळाला हात लावायचे. एक जण माझ्यासमोर तिला म्हणाला, "मॅडम, ही निवडणूक हाय, पालकसभा नाय. थोडं देऊन टाका ना लोकांना." ती म्हणाली, "माझ्याकडं नसलेलं कसं देऊ?"

निवडून आली. थोडक्यात आली. निकाल लागला तेव्हा मी मतमोजणीच्या तिथल्या संडासात कडी लावून बसलो होतो. बाहेर गुलाल उडाला तरी मला वाटलं समोरच्याचा असंल, म्हणून मी कडी काढली नाय. शेवटी मेव्हण्यानं दार बडवलं, "दाजी, या बाहेर, आपलीच हाय."

आमदाराचं काम काय असतं ते मला नंतर कळलं. लग्नाला जायचं, पुलाची पाहणी करायची, आन सगळ्यात महत्त्वाचं, दहाव्याला जायचं. आमच्याकडं माणूस गेला की दहाव्या दिवशी नदीकाठी विधी असतो, तिथं माईक असतो, आन पुढाऱ्यानं दोन शब्द बोलायचे असतात. लग्नाला नाय आला तर लोक विसरतात. दहाव्याला नाय आला तर पाच वर्षं विसरत नाय.

थंडीत तिचं अधिवेशन लागलं नागपूरला, आन इकडं गोदावरीकाठच्या एका गावात एक म्हातारबाबा गेले. त्या गावानं आम्हाला मतं दिली नव्हती. पण बाबा प्रचारात तिच्या सभेला पुढं येऊन बसायचे आन दर वेळी एकच विचारायचे, आमच्या शाळेला दुसरा मास्तर कधी? सगळ्या वर्गांना मिळून एक मास्तर. बाई म्हणायची, बघते. त्याच्यापुढं ती कधी गेली नाय.

तिचा मला फोन आला. "तुम्ही जाऊन या. हात जोडा, दोन वाक्यं बोला, खाली बसा. काय करायचं नाही?"

मी म्हणालो, "आश्वासन द्यायचं नाय."

"आणि?"

"जोक मारायचा नाय."

घाटावर गेलो तर सगळं गाव. मी खादीचा सदरा घातलेला, इतकी कांजी की मान वळवायची तर आख्खा माणूस वळवावा लागत होता. माझं नाव पुकारलं. दोन वाक्यं मी रस्ताभर घोकलेली. बोललो, बसलो. कोणी हसलं नाय. मनात म्हणालो, सुटलो.

मग पिंड ठेवला. सगळे लांब उभे राहिले, कावळा शिवायची वाट बघत. बाभळीवर कावळे होते, पण एक खाली उतरंना. गेलेल्याची काय इच्छा राहिली असंल तर कावळा शिवत नाय, म्हणून घरचे हात जोडून कबूल करत जातात, हे करू, ते करू. मोठ्या मुलाचं सिमेंटचं दुकान. तो म्हणाला, "बाबा, आईला नीट सांभाळू." काय नाय. धाकटा म्हणाला, "बाबा, बांधाचं भांडण मिटवू." कावळे वरच. ऊन वर आलं. लोकांची चुळबुळ सुरू झाली, कोणाला ड्युटी, कोणाची द्राक्षाची फवारणी राहिलेली. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, म्हणजे खरा येत नाय तर गवताचा लावायचा. तेवढ्यात मागून एक जण बोलला, "मास्तरासाठी लय हेलपाटे घातले त्यांनी. जीव शाळेत अडकला असंल."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. बाबांची बायको, एवढीशी म्हातारी, दोघींनी धरून उभी केलेली. ती म्हणाली, "साहेब, तुम्ही बोला ना. आमदारकी तुमच्याच घरात हाय."

मला साहेब म्हणायची सवय कोणालाच नव्हती, मला तर नव्हतीच. मी म्हणालो, "आजी, मी साधा रिक्षावाला, माझं घरात कोणी ऐकत नाय, हा कावळा काय ऐकणार?" एरवी ह्याला लोक हसले असते. तिथं पाण्याचा आवाज तेवढा आला. म्हातारी माझ्याकडं बघत राहिली. आन मी हात जोडले आन बोलून गेलो, "बाबा, मास्तर देतो. बाईंचा शब्द हाय."

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा उतरला.

बायका रडायला लागल्या. मोठ्या मुलानं मला मिठी मारली. मी घामानं भिजलो, सदऱ्याची कांजी तिथंच गेली. कोणीतरी मोबाइलवर सगळं घेतलेलं. मी घरी पोचायच्या आत ते नागपूरला पोचलं.

तिचा फोन आला. म्हणाली, "अहो, मास्तर काय मी पर्समध्ये घेऊन फिरते?"

"कावळा शिवत नव्हता."

"मग?"

"म्हातारी बघत होती."

मला वाटलं आता शिव्या घालंल, बरं वाटंल. तर म्हणाली, "आता कुठं म्हणत फिरू नका की चुकून बोललो. तुम्ही बोललात म्हणजे मी बोलले." आन फोन ठेवला. शिव्या घातल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो.

पुढचे महिने माझे कसे गेले ते माझं मला माहीत. सिमेंटवाल्याचा फोन यायचा, "साहेब, काय झालं आपल्या मास्तरचं?" स्टँडवर दोस्त विचारायचे, "काय रे, कावळ्याचा फोन आलता का?" मी त्यांच्याबरोबर हसायचो. एकदा म्हातारीनं स्वतः फोन लावून घेतला. म्हणाली, "साहेब, रागावू नका. पण रात्री आमचे ते दारात उभे असतात. आत या म्हटलं तर येत नाय. मला झोप नाय लागत." मी म्हणालो, "आजी, होईल." आन माझी पण झोप गेली. बायकोनं आयुष्यात कोणाला खोटा शब्द दिला नाय, तेवढ्याच भांडवलावर निवडून आली. तेवढंच मी नदीत घालवलं, असं मला रात्रंदिवस वाटायचं.

मुंबईच्या अधिवेशनात तिनं प्रश्न लावला. मी स्टँडवर मोबाइल लावून बसलो, सात-आठ डोकी माझ्या खांद्यावर. ती उभी राहिली. वर्गात हिच्या नुसत्या बघण्यानं पोरं गप्प व्हायची, आन तिथं ही हातातल्या कागदावरून नजर काढंना. मागं दोघं आपसात बोलत होते, तिच्याकडं कोणाचं लक्ष नाय. मला वाटलं आत घुसून त्यांना ओरडावं. तिनं एका दमात विचारलं. मंत्री उठले, म्हणाले, त्या शाळेची पटसंख्या कमी आहे, नियमात दुसरं पद बसत नाही. बसले. पुढचा प्रश्न सुरू.

एक दोस्त म्हणाला, "चहा सांग रे." नेहमी पैसे मी द्यायचो, त्या दिवशी मला देऊ दिले नाय. तेव्हा मला जास्त भ्या वाटलं.

बाई मुंबईहून आली आन दुसऱ्या दिवशी म्हणाली, "गाडी काढा, त्या गावाला जायचंय." वाटेत मी म्हणालो, "पट कमी हाय तर मलाच बसव तिसरीत. माझी अजून तिसरी बाकी हाय." ती हसली नाय. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत सांगणार की नवरा येडा हाय, त्याच्या बोलण्याला धरू नका. मी मनाची तयारी केली. खोटं कशाला सांगू, मनातून तेच सांगावं असं वाटत होतं, मी सुटलो असतो.

मारुतीच्या पारावर लोक जमले. ती उभी राहिली, आन ह्या वेळी हातात कागद नव्हता. म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं शब्द दिला, तो माझा आहे. मोडणार नाही. पण मास्तर पटावर मिळतो. आणि तुमच्या गावचा पट रोज सकाळी पिवळ्या गाडीत बसून शहरात जातो."

लोक खाली बघायला लागले. सिमेंटवाला म्हणाला, "मॅडम, ते इंग्लिश मीडियम हाय."

"माहीत आहे."

"एकच मास्तर, काय शिकवणार पोरांना? म्हणून घातली तिकडं."

"आणि तुम्ही तिकडं घातली म्हणून इथं एकच मास्तर आहे."

मागून कोणीतरी टोमणा मारला, "स्वतःचा मुलगा कुठं शिकला ते सांगा की."

ती म्हणाली, "माझ्याच शाळेत. पुढं नववीत इंग्रजीत नापास झाला. मग आयटीआय केला, आता एकलहऱ्याला कंत्राटावर आहे. पर्मनंट नाही." मी मनात म्हणालो, अगं, शेवटचं सांगायची काय गरज होती. पण लोक तिच्याकडं बघत होते आता, जमिनीकडं नाय.

म्हातारी समोरच्याच आपल्या घराच्या ओट्यावर बसलेली. म्हणाली, "माझे नातू येतील ह्या शाळेत." सिमेंटवाल्यानं तोंड उघडलं, आईकडं बघितलं आन मिटलं. त्याची बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती काय बोलली नाय, तिला कोणी विचारलं पण नाय.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी सकाळीच त्या गावात. कोणी बोलावलं नव्हतं, घरी राहवंना म्हणून गेलो. पिवळी गाडी आली, दारोदार हॉर्न वाजवत गेली. काही दारांतून पोरं निघाली आन तिच्यात बसली. म्हातारीच्या दारात लय वेळ हॉर्न वाजला. मग म्हातारी एका हातात काठी आन एका हातात नातवाचं मनगट घेऊन निघाली ती शाळेकडं. धाकटा नातू मागून, दप्तर इंग्लिश शाळेचंच. ती गेल्यावर आणखी दोन-चार घरांतली पोरं निघाली.

सप्टेंबर संपताना पट मोजतात. तोवर त्या गावात कोणी पोरगं खोकलं तर मला एकलहऱ्यात ताप यायचा. एक कुटुंब गाव सोडून मनमाडला चाललं होतं, बाप रेल्वेत लागलेला. मी त्याला समजवायला गेलो की बाबा, मनमाड काय चांगलं गाव नाय. तो म्हणाला, "साहेब, माझी सासुरवाडी हाय." तेवढं एक कुटुंब गेलंच. पण पट भरला, कसाबसा भरला, आन दिवाळीनंतर दुसरा मास्तर आला. कळवण बाजूचा तरणा पोरगा, लाजाळू.

त्याच्या स्वागताला शाळेत कार्यक्रम ठेवला. म्हातारीनं बाईंचे हात धरले, म्हणाली, आता ते दारात नसतात. बाई पण रडली. पक्षाचा जो माणूस मला तोंड सांभाळ म्हणाला होता, तोच माझी पाठ थोपटून म्हणाला, "पुढच्या वेळी तुमची पण सभा लावू." मला वाटलं, चला, जमलं म्हणायचं.

फाटकापाशी सिमेंटवाल्याच्या बायकोनं मला थांबवलं. तिचा बारका पोरगा पदराआड.

"साहेब, सासूबाईंना झोप लागते आता. बरं झालं."

मी म्हणालो, "हो ना, वहिनी."

"हा तिकडं होता तर पाहुणे आले की इंग्लिशमध्ये बोलून दाखवायचा. आता विचारलं तर तोंड फिरवतो."

"बाईंना सांगतो मी. नवीन मास्तरला सांगून..."

"बाईंना नका सांगू. बाई चांगल्या हायत. बोललात तुम्ही." ती रागात नव्हती. रागात असती तर मी काय तरी बोलून हसवलं असतं तिला. "उद्या मोठा झाल्यावर हा मला म्हणाला, आई, मला का काढलं तिथून, तर मी काय सांगू? तुम्ही असाल का सांगायला?"

लोकं म्हणतात ह्याचं तोंड बंद होत नाय, आन मी फाटकाची कडी काढत-लावत राहिलो. पोरगं पदराआडून माझ्याकडं बघत होतं. मला वाटलं, ह्याला इंग्लिशमध्ये काहीतरी विचारावं, येतंय का अजून बघावं. पण विचारायला मला तरी कुठं येत होतं.