भोकं पडलेली मासिकं

तुम्ही कात्री कुठल्या हातानं धरता? उजव्या हातानं धरत असाल, तर ती बनवणाऱ्यानं फक्त तुमचाच विचार केला होता, हे तुम्हाला आजवर कळायचं काही कारणच नव्हतं. इस्पितळाच्या धुलाई विभागात फाटकं शिवायला बसणाऱ्या बाईला ते रोज कळतं. तिच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी वाटाण्याएवढा घट्टा आहे. सव्वीस वर्षं ती चादरींना ठिगळं लावते, अभ्र्यांच्या कडा दुमडते, डॉक्टरांच्या झग्यांना नाड्या शिवते, आणि सव्वीस वर्षं कात्री तिला चावते. नवी मागितली की साहेब लोक म्हणतात, सगळ्यांना चालते तीच तुम्हाला का चालत नाही.

सगळे तिला डावखुरी म्हणतात. तोंडावरच म्हणतात. पाठीमागे म्हटलेलं तिला खपत नाही.

शिवण ती हट्टानं शिकली. क्रोशा मात्र राहून गेला. नऊ वर्षांची असताना ताईनं तिला शिकवायला घेतलं होतं. ताईचा हात असा, की गप्पा मारता मारता जाळी विणून व्हायची. ताईनं तिला शेजारी बसवलं, सुई दिली आणि म्हणाली, "मी करते तसं कर." हिनं सुई डाव्या हातात धरली. ताईनं ती काढून उजव्यात दिली. जरा नजर वळली की सुई पुन्हा डाव्यात. पाच दिवस हा खेळ चालला. सहाव्या दिवशी ताईनं सुई डब्यात टाकली आणि आईला सांगितलं, "हिच्या हातात कलाच नाही."

झालं. ते वाक्य घरात राहायलाच आलं. पाहुणे आले की ताईच्या जाळ्या बाहेर निघायच्या आणि पाठोपाठ ते वाक्य. आपल्या हातानं एक जाकीट विणायचं, सगळं स्वतः, गळ्यापासून बाह्यांपर्यंत, एवढी एक हौस तिनं पन्नाशी उलटेपर्यंत मनात धरली आणि कुणापाशी बोलली नाही. बोलली असती तर ताई आधी हसली असती.

यंदा शिवणखोलीत नवं मशीन यायचं ठरलं, म्हणून भिंतीचं लोखंडी कपाट हलवलं. कपाटावर चादरीच्या चिंधीनं बांधलेला गठ्ठा निघाला. विणकाम-भरतकामाची मासिकं, चाळीसेक वर्षांपूर्वीची, एकतीस अंक. मुकादमानं वरचा अंक उघडला, दोन पानं चाळली आणि गठ्ठ्यापासून हातभर मागं सरकला.

"कसर लागलीय. पानापानाला भोकं आहेत."

रद्दीवाल्यालाही बोलावून झालं. त्यानं एक पान उजेडात धरलं, मान हलवली आणि म्हणाला की हे माझ्या गोदामात नको, बाकीचं खाऊन टाकेल.

"शनिवारी बॉयलरमध्ये टाकू," मुकादम म्हणाला. "इथं धुतलेले कपडे असतात."

डावखुरीनं तेवढ्यात एक अंक उचलला होता. "मुकादम, कसर अशी ओळीत खाते का?"

"मावशी, कसरीला शिस्त आहे का नाही ते मला काय माहीत?"

"शनिवारपर्यंत माझ्याकडे राहू द्या."

"काय करणार?"

"कसर मोजणार."

मुकादम हसला, पण दिलं. तिच्याशी वाद घालणारा माणूस त्या विभागात अजून टिकलेला नाही.

जेवणाच्या सुट्टीत ती पानं उलटत बसली. कागद खाणारा किडा आधी शिवणीतली खळ खातो, हे तिला ठाऊक होतं. इथं शिवण धडधाकट. नुसत्या मजकुराची पानं कोरी करकरीत. भोकं होती ती फक्त चित्रांना, आणि सगळी एका मापाची. तिनं आपली बारीक सुई एका भोकात घातली. बरोब्बर बसली. दुसऱ्यात घातली. तीही बसली. मग तिनं पानाच्या मागून बोट फिरवलं. कागद मागच्या बाजूला खरखरीत लागत होता, म्हणजे टोचलं होतं पुढून.

हे दातांचं काम नव्हतं. कुणीतरी चित्रांच्या रेषेरेषेवर, एकतीस अंकभर, सुई टोचत बसलं होतं. पण कशाला?

नक्षी कापडावर उतरवायला टोचे मारतात, हे तिला माहीत होतं. कागदाला भोकं पाडायची, वरून निळीची पूड चोळायची, खाली कापडावर ठिपके उमटतात. पण इथं निळीचा कणही नव्हता. शिवाय टोचलेली चित्रं नक्षीची नव्हतीच. ती होती हातांची. सुई कशी धरावी, दोरा कुठल्या बोटावरून घ्यावा, साखळी कशी घालावी, खांब कसा चढवावा. हातांची चित्रं कापडावर उतरवून कुणी काय करणार?

दोन दिवस हे कोडं तिच्या डोक्यातून जाईना. तिनं एका झग्याला नाड्या पाठीऐवजी पोटावर शिवल्या. मुकादमानं तो झगा नुसता वर धरून दाखवला.

गुरुवारी दुपारी इस्त्रीवाले काका काय चाललंय बघायला आले. विभागातले सगळ्यात जुने. त्यांना दाखवायला म्हणून तिनं पान खिडकीकडे केलं, आणि गडबडीत उलटं, पाठ आपल्याकडे करून धरलं. मागच्या मजकुराची नुसती गिचमिड दिसत होती. त्या गिचमिडीतून ठिपके मात्र लख्ख चमकले. ठिपक्यांचा एक हात झाला. त्या हातात क्रोशाची सुई होती. आणि पुढून उजवा छापलेला तो हात इथून डावा होता.

 तिनं आपला डावा हात त्या ठिपक्यांशेजारी धरून बघितला. तसाच अंगठा, तशीच वळलेली करंगळी.

"काका, इथं पूर्वी डावखुरं कोण होतं?"

"कोणी नाही. तूच पहिली."

"नीट आठवा."

"अगं, डोळे होते ना मला? सगळ्या उजव्या हातानंच शिवायच्या." काका इस्त्रीकडे निघाले आणि अर्ध्यात थांबले. "एक होती. डबा खाताना सगळ्यांकडे पाठ करून बसायची. आम्हाला वाटायचं, शिष्ट आहे."

नाव त्यांना आठवलं नाही. कुणीच कधी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी डावखुरीनं वाटेत क्रोशाची सुई आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेतलं. घरी खिडकीच्या काचेला पहिलं पान उलटं चिकटवलं. पहिली साखळी सुटली. दुसरी गुंतली. सातवी राहिली. शुक्रवारी उजाडताच ती पुन्हा काचेसमोर होती, आणि कामावर निघेपर्यंत खांबांच्या दोन ओळी झाल्या होत्या, वाकड्यातिकड्या, पण न उसवणाऱ्या.

शनिवारी तिनं तो हातभर पट्टा मुकादमाच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"तुमच्या कसरीनं शिकवलं."

तिनं त्याला पान खिडकीशी धरून दाखवलं. मुकादमानं स्वतःचे दोन्ही हात आळीपाळीनं पुढं करून बघितले. मग म्हणाला, "बरं. पण कपाटावर परत ठेवायचं नाही. घरी न्या." तिनं गठ्ठा चादरीत बांधला आणि डोक्यावर घेऊन पुढच्या दारानं बाहेर पडली.

जाकीट चौदाव्या अंकात होतं. पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले. एका रविवारी ताई आली आणि तिनं ते खुर्चीवर पडलेलं बघितलं.

"कुणी केलं?"

"तुला कोण वाटतं?"

ताईनं चष्मा लावला, खांब मोजले, भाग उलटून बघितला. "टाके दुसऱ्या अंगाला झुकलेत."

"हात दुसरा आहे, ताई."

"घट्ट मात्र आलेत." ताईनं सुई मागितली नाही. आपली खुर्ची उचलली, शेजारून काढली आणि तिच्या समोर ठेवली. दोघी विणायला बसल्या. हिचा डावा हात आणि तिचा उजवा आरशातल्यासारखे एकाच बाजूला हलत होते. पाच-दहा मिनिटांनी ताई खाली बघतच म्हणाली, "एवढंच करायचं होतं होय."

"एवढंच."

पण बाह्या अडल्या. चौदाव्या अंकाच्या शेवटी छापलंय, 'पुढच्या अंकात: बाह्या, कॉलर आणि लोकरीचा ससा.' आणि गठ्ठ्यात चौदानंतर थेट सोळावा आहे. ताई म्हणाली, मी करून देते. म्हणाली, निदान अंदाजानं सांगते तरी. डावखुरीनं दोन्हीला नकार दिला. उजव्या हातानं विणलेल्या बाहीचे टाके दुसरीकडे झुकणार आणि शंभर पावलांवरून दिसणार. आणि अंदाज ताईचा असला, तर उद्या लोक म्हणतील की जाकीट ताईनंच केलं. छापलंय तसं, शेवटच्या टाक्यापर्यंत, तिला स्वतः करायचंय. बिनबाह्यांचं जाकीट चार महिने खुर्चीच्या पाठीवर आहे. घालून बघा म्हटलं की ती म्हणते, अजून व्हायचंय.

तेव्हा तुमच्या माळ्यावर, पलंगाखाली किंवा सासूबाईंच्या ट्रंकेत असा गठ्ठा असेल, तर तो रद्दीत देण्याआधी उघडा आणि पंधरावा अंक शोधा. भोकं नसली तरी चालेल, ती आता तिला पाडता येतात. तुम्ही हे वाचताय त्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर तिचा पत्ता आहे. ससा हवा असेल तर उतरवून घ्या, पण बाह्यांचं पान तेवढं तिला पाठवा.