बोडी पूर्वेला आहे

दुखणाईत माणसाला कचेरीत येता येत नसेल, तर दस्त नोंदवायला कचेरीनं त्याच्या घरी जावं, असा कायदा आहे. तो करणारा चामोर्शीकडच्या वाटेनं बैलगाडीत बसला नसावा. मी तेव्हा सब-रजिस्ट्रार साहेबांचा कारकून. कंबर खिळखिळी करून घेत, शाईचा डबा मांडीवर सांभाळत आम्ही त्या गावी पोहोचलो.

म्हातारी बाजेवर होती. लकव्यानं उजवं अंग गेलेलं, वाचा बसलेली. आजारापूर्वीच तिनं चारचौघांत सांगितलं होतं की आपली धानाची बांधी विधवा सुनेला द्यायची. सुनेनं अर्जनवीसाकडून तसं बक्षीसपत्र लिहून घेतलं होतं. पण म्हातारीला समजतंय अशी साहेबांची खात्री पटली नाही, तर दस्त होणार नव्हता. मग तिच्यामागे तिचा पुतण्या शेत दाबणार, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तो दारातच मांडी ठोकून बसला होता.

साहेबांनी विचारलं, "बाई, शेत सुनेला द्यायचं ना?" म्हातारीनं मान हलवली.

"आता विचारा, मले द्याचं हाय का?" पुतण्या म्हणाला.

साहेबांनी विचारलं. मान तशीच हलली.

"पाहा साहेब, बुडीले काईच समजत नाई."

"लकव्यापासून मान अशीच हालते जी," सून म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला होता. साहेब चष्मा काढून डबीत ठेवू लागले. मला त्या पुतण्याची अशी चीड आली की मी म्हटलं, निदान दस्त वाचून तर दाखवू.

चतुःसीमेशी आलो. "पूर्वेला मोहाचं झाड," मी वाचलं, आणि म्हातारीचा डावा हात बाजेच्या गातावर, कडेच्या लाकडावर, थाडकन आपटला.

"नाई म्हणून राह्यली ते," पुतण्या म्हणाला.

उत्तर-दक्षिणेला हात गप्प होता. "पश्चिमेला बोडी" म्हणताच पुन्हा थाड! बोडी म्हणजे शेताचं लहान तळं. मी मुद्दाम क्रम बदलून वाचलं. हात आपटायचा तो त्या दोनच जागी; सुनेच्या नावाला नाही.

सून पुढे आली. "बोडी तं उगवतीले हाय, भाऊ. मोह मावळतीले."

मग उलगडा झाला. आमच्याकडे बाया दिशा हातानं सांगतात, इकडे बोडी, तिकडे मोह. अर्जनवीस सुनेसमोर तोंड करून बसलेला. तिचं उजवं ते त्यानं आपलं उजवं धरलं आणि पूर्व-पश्चिम उलटली.

"पूर्वेला बोडी," साहेबांनी स्वतः म्हटलं. हात हलला नाही. खात्री पटली तसे साहेब पुतण्याकडे वळले. "शेत मागायला आलात, मग ही चूक तुम्हाला कशी नाही दिसली?"

दुरुस्ती झाली. दुरुस्तीपाशीही अंगठा लागतो. बायकांचा उजवा घ्यायची रीत, पण उजवी मूठ उघडेना. साहेब म्हणाले, डावा चालेल, तसं लिहा. मला इतका आनंद झाला की शाई माझ्याच धोतरावर सांडली.

पुढल्या रोवणीच्या दिवसांत त्याच वाटेनं जाणं झालं. सून चिखलात वाकून रोवत होती. बोडीच्या पाळीवर बाज टाकली होती, वर पळसाच्या पानांचं छप्पर. सुनेची ओळ जराशी वाकडी गेली.

बाजेच्या गातावर थाडकन हात आपटला. सुनेनं हसत ती रोपं उपटली आणि सरळ रेषेत पुन्हा लावली.