मासळीच्या टाक्या आणि आमचे अण्णा

अण्णा गेल्याची बातमी मला शिरूरच्या एसटी स्टँडवर कळली. दौंडहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरनं खिडकीतूनच सांगितलं, "तुमचं चुलतभाऊ गेलं... सकाळीच." मी हातातला चहा संपवला आणि मग निघालो. दुःख झालं नाही, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पुढं दौंडात शोकसभा झाली. तालुक्याचं नाव सातासमुद्रापार नेणारा कारखानदार, असं वक्ते म्हणाले. नाव नेलं खरं. कसं नेलं ते मी सांगतो, कारण त्या कारखान्यात पत्र्याची खरेदी मी बघत होतो.

रेल्वेलाइनीपलीकडं अण्णांची शेड होती. दूधसंस्थांना आम्ही स्टीलच्या टाक्या करून द्यायचो. मुंबईच्या एका निर्यातदारानं आखातातल्या मासळीच्या कारखान्यासाठी टाक्या मागवल्या. मासे मिठाच्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा पत्रा तीनशे सोळा ग्रेडचाच हवा, असं त्यानं बजावलं होतं. दुधाला चालतो तो तीनशे चार, बराच स्वस्त. दिसायला दोन्ही सारखेच. पण तीनशे सोळात मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, म्हणून तो खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. तीनशे चारला मीठ टोचून टोचून भोकं पाडतं. हे सगळं मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "समजलं. आता तीनशे चार आण. चमकलं की झालं, तिकडं कोण बघतंय?" त्यांना कळत नव्हतं, एवढी सवलत मी त्यांना देणार नाही. त्यांना सगळं कळत होतं. फक्त बाकीचं जग मूर्ख वाटत होतं.

ट्रकला हार घालून टाक्या गेल्या. वर्ष सरायच्या आत निर्यातदाराचा माणूस त्यातलाच कापलेला एक तुकडा घेऊन दौंडला आला. तपकिरी डाग, आरपार भोकं... अण्णांनी वरवंडच्या किसनमामांना, आमच्या वेल्डरला, बोलावलं आणि पाहुण्यादेखत म्हणाले, "ह्यानं वेल्डिंग कच्चं केलं."

मामांनी तुकडा हातात फिरवला. "अण्णा, जोड हितं काठाला हाय. भोकं पार मधी हायती. तितं मी हात बी लावला न्हाई."

"उलट बोलतूस? उद्यापासून येऊ नगं."

तेव्हा मी पाहुण्याला खरं सांगितलं : पत्रा तीनशे चारचा आहे, अण्णांच्या हुकमानं मीच आणलाय. मामांबरोबर मलाही शेडबाहेर काढलं. आम्ही दोघांनी शिरूरला हॉटेलांची भांडी करायचं दुकान टाकलं, ते चाललं. अण्णा मात्र दौंडभर सांगत राहिले, की एका वेल्डरनं त्यांचा परदेशचा धंदा बुडवला. कित्येकांना ते खरंही वाटलं. मामा दौंडला जायचं टाळू लागले.

शेवटच्या दुखण्यात भेटायला गेलो, तो मामांसाठी एखादा शब्द निघेल म्हणून. अण्णांनी धापा टाकत एवढंच म्हटलं, "तुझ्या वेल्डरनं... वाटोळं केलं."

शोकसभेनंतर अण्णांच्या घरी गेलो. न्हाणीच्या भिंतीला स्टीलचा एक चौकोन टांगलेला होता. निर्यातदारानं ऑर्डरीबरोबर पाठवलेला तीनशे सोळाचा नमुना. अण्णा रोज त्यात बघून दाढी करायचे, असं वहिनी म्हणाल्या. इतकी वर्षं वाफेत, पाण्यात, साबणात राहूनही त्यावर एक डाग नव्हता.

"घिऊन जा भावजी," वहिनी म्हणाल्या. "मला त्यात तोंड बघवत न्हाई."

मी तो तिथंच ठेवला. परक्यांना काहीही चालेल म्हणणाऱ्या या माणसानं स्वतःचं तोंड बघायला मात्र अस्सल पत्रा ठेवला होता.