बाभळीच्या शेंगांची बुरशी

सिद्धेश्वरी हिरेमठ सोलापूरच्या एका महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागली. बुरशीवर काम करायचंय म्हटल्यावर विभागप्रमुख म्हणाले, "मग कोकणात जा. इथं माणसाला प्यायला पाणी नाही, बुरशी कुठली उगवणार?"

एका रविवारी ती सांगोल्याकडं मावशीच्या गावी गेली होती. माळावर त्याच गावची म्हातारी मेंढपाळ मायाक्का मेंढरं चारत होती. सिद्धेश्वरीनं तिथल्या वाळक्या लेंड्या कागदी पिशवीत भरल्या आणि घरी आणून बरणीत ओल्या टिपकागदावर ठेवल्या. पाचव्या दिवशी त्यांच्यावर काचेसारखे बारीक देठ उभे राहिले, प्रत्येकाच्या डोक्यावर काळी टोपी. दुपारी पाहते तर टोप्या उडून बरणीच्या खिडकीकडच्या बाजूला चिकटलेल्या. नेमक्या उजेडाकडंच कशा उडाल्या, या विचारात ती जेवायचं विसरली.

मग दर महिन्याला तिची माळावर फेरी ठरलेली. आई म्हणायची, "एम.एस्सी. करून शेवटी शेण-सगणीच उचलायची की." अकरा वर्षांत लेंड्यांवरच्या सत्त्याण्णव जाती तिनं ओळखून, चित्रं काढून नोंदवल्या. जिल्ह्यात हे काम आधी कुणी केलेलं नव्हतं.

एक बुरशी मात्र कुठल्याच माहीत जातीत बसेना. लालसर, काठाला केस असलेली इवलीशी वाटी. पुण्याच्या तज्ज्ञांनी कळवलं, नमुन्यांची सरमिसळ झाली असावी. तिला ते लागलं, पण खोडून काढायचं कसं? ती वाटी कधी उगवायची, कधी नाही, आणि कळप तर एकच.

ती पिशव्या घेऊन मायाक्कापुढं बसली.

"ह्या चैतातल्या," मायाक्का काही पिशव्यांतल्या लेंड्या चिवडून म्हणाली. "तवा बाभळीच्या शेंगा पडत्यात. मेंढरं दुसऱ्याला तोंड लावत न्हाईत."

वाटी नेमकी त्याच पिशव्यांतून उगवली होती. सिद्धेश्वरीनं आणखी दोन उन्हाळे शेंगा खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या मेंढरांच्या लेंड्या वेगळ्या ठेवल्या. उत्तर बदललं नाही. तिसऱ्या वर्षी तिचा लेख छापून आला. नवी जात म्हणून तज्ज्ञांनीही ती मान्य केली.

सिद्धेश्वरी त्या वाटीची बरणी आणि भिंग घेऊन माळावर गेली. मायाक्कानं भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"हिची मुळं कुटं हायत?"

"मुळं नसतात. आत धागे असतात, लेंडीभर पसरलेले."

"आन् आत गेली कशी?"

"शेंगेला चिकटून मेंढीच्या पोटात गेली असेल. अजून नक्की माहीत नाही."

"मग बघाय पायजे की," मायाक्का म्हणाली, आणि जवळच्या बाभळीखाली शेंगा वेचायला वाकली.