तिसरी पिन आणि माझा फील

“पोरगी वाजवताना कशी थरथरते बघितलंत? याला म्हणतात फील!”

समोरच्या सावंत काकू दारात उभ्या राहून आईला सांगत होत्या. आत मी गिटार वाजवत होते आणि मला शॉक लागत होता.

बोलले मात्र नाही. एक तर मी कुणाशीच फारसं बोलत नसे. (आमच्या सोसायटीत, बेव्हर्ली पार्कमध्ये, पाच वर्षं काढूनही वॉचमन मला पाहुणी समजायचा!) दुसरं म्हणजे, आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझं कौतुक करत होतं.

गिटारचा ॲम्प्लिफायर बाबांनी चौक गावातून आणला होता. तिथले एक अंकल मुलाकडे कॅनडाला निघाले होते, त्यांचा. जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा, रिक्षातून आणताना रिक्षाच एका बाजूला कलली होती. प्लग तीन पिनांचा, आमच्या हॉलमधलं सॉकेट दोन पिनांचं. बाबांनी पक्कड घेतली आणि अर्थिंगची जाड पिन उपटली!

“रेडिओ दोन पिनांवर चालतो ना? मग याचेच कसले लाड?”

तेव्हापासून तारांना हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या.

“बाबा, करंट येतोय...” मी पुटपुटले.

“एवढा तर आपल्या फ्रिजलापण येतो!”

एका रविवारी ॲम्प खरखरायला लागला. बाबांनी प्लग काढला, मागचं झाकण उघडलं आणि “बंद आहे गं, घाबरतेस काय?” म्हणत स्क्रूड्रायव्हर आत घातला. फट्! बाबा थेट दिवाणावर. (प्लग काढल्यावरही या ॲम्पच्या पोटात करंट साठून राहतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बाबांना जरा जास्तच.)

आई स्वयंपाकघरातून धावत आली. “शॉक लागला ना? लागला असेल तर सांगा, आत्ता भंगारवाल्याला बोलावते!”

“छे! जरा पाठ टेकलो,” बाबा म्हणाले. त्यांचे केस मात्र अजून उभेच होते.

“हो, बाबा जरा टेकले,” मीही म्हणाले.

मग मीच उपाय शोधला. जेवायचा लाकडी पाट घेतला आणि त्यावर उभी राहून वाजवलं. झिणझिण्या जवळजवळ गायब! पण दारातून काकूंचा आवाज आला, “आज काही मजा नाही बाई. फील कुठे गेला?”

आणि मी, सांगायला लाज वाटते, पाटावरून खाली उतरले.

पुढे सोसायटीच्या गणपतीत काकूंनी माझा कार्यक्रमच लावला. जाताना ॲम्पबरोबर मी गुपचूप पाटही घेतला, तर आईने तो नैवेद्याच्या ताटाखाली सरकवला. बाप्पासमोर चपला काढलेल्या. त्यात भर म्हणजे आरतीनंतर कुणीतरी फरशी पुसून ठेवली होती. मी अनवाणी, ओल्या फरशीवर, हातात गिटार!

पहिल्याच सुराला मी वीतभर उडाले. टाळ्या! दुसऱ्याला दात वाजले. शिट्ट्या! “वन्स मोअर!” बाबा पहिल्या रांगेतून ओरडले. (त्यांना सगळं माहीत होतं, तरीही!)

काकूंना राहवेना. तीर्थ वाटत होत्या, ती वाटी ठेवून ओल्या हातांनीच स्टेजवर आल्या. एका हाताने त्यांनी माइकचा लोखंडी दांडा धरला आणि दुसरा माझ्या गिटारकडे न्यायला लागल्या.

“थांब गं, मीपण जरा वाजवून बघते!”

ओली बोटं तारांपासून चार इंचांवर. आई समोर, बाबा समोर, अख्खी सोसायटी समोर. माझी मान नेहमीसारखी खाली जायला लागली. पण काकूंचा हात काही थांबेना. मी गिटारसकट दोन पावलं मागे उडी मारली (ही मात्र स्वतःच्या ताकदीवर!) आणि माइकची गरजच पडू नये अशा आवाजात ओरडले,

“काकू, हात लावू नका! हा फील नाहीये, शॉक आहे! मला तीनच कॉर्ड येतात, बाकी सगळा करंट आहे!”